भूकंपाची कॅसेट

“बंद कर ते! बंद कर म्हणतो ना तुला, मढं निघो तुझ्या त्या मशीनचं!”

ढिगाऱ्यांतून वाट काढत, ओरडत तो पळत आला तेव्हा मी टेम्पोच्या फाळक्यावर उभी राहून भाकरीच्या टोपल्या खाली देत होते. भूकंपाला आठवडासुद्धा झाला नसेल. लातुरात तेव्हा कुणाच्याच चुलीवरनं तवा उतरत नव्हता. मी एकटीनं इतक्या भाकरी थापल्या होत्या की एकावर एक रचल्या असत्या तर त्या लातूरच्या बाजारातल्या गंजगोलाईच्या इमारतीवर गेल्या असत्या, आणि सगळ्यात वरच्या भाकरीवर बसून मला सोलापूरच्या गिरणीची धुराडी दिसली असती. हसू नका. त्या दिवसांतल्या लातूरच्या कुठल्याही बाईला विचारा, ती माझ्याहून उंच सांगेल.

गाव औशाच्या पलीकडचं. नाव सांगत नाही. तसंही तेव्हा नाव लिहायला तिथं वेस उरली नव्हती. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, लाउडस्पीकरवाले. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि त्या दिवसानंतर लोकांनीही घेतलं नाही, त्यांनी दुसरंच नाव ठेवलं. गोलाईत आमचं दुकान. मालकांचा भोंगा लागला की उदगीरच्या किल्ल्यातली वटवाघळं उठून कर्नाटकात जायची, आणि भोंगा उतरला की कानडी शिकून परत यायची.

तो भोंगा घेऊन मालक आपणहून त्या गावात गेले होते. कुणाचा माणूस कोणत्या दवाखान्यात नेलाय, कुणाचं लेकरू कोणत्या तंबूत आहे, हे सांगता सांगता पंचमंडळींचे घसे बसले होते. मालकांनी लिंबाच्या फांदीला भोंगा बांधला, बॅटरी जोडली, “हॅलो, हॅलो” केलं आणि सवयीनं टेपचं बटण दाबलं.

ही सवय समजून घ्या, कारण आमची जिंदगी तिच्यावरच घसरली. लाउडस्पीकरवाला नुसत्या हॅलोवर विश्वास ठेवत नाही. भोंग्यातून एक गाणं गेल्याशिवाय त्याला भोंगा लागल्यासारखा वाटतच नाही. आणि मालकांच्या उस्तादांची आणखी एक शिकवण होती : विसर्जनाला शेवटची वाजलेली कॅसेट पुढचं काम येईपर्यंत मशीनमधून काढायची नाही. मशीन उपाशी राहिलं की धंदा उपाशी राहतो. त्या साली विसर्जनानंतरचं पुढचं काम म्हणजे हे गाव. आणि मशीनच्या पोटात कॅसेट होती ती त्या मुंबईच्या पोरीची.

त्या पोरीचं सांगायलाच हवं. केस पोरासारखे कापलेले, अंगात काळं कातडी जाकीट, लातूरच्या उन्हात घातलं असतं तर दुपारपर्यंत तिची भाजी झाली असती. तिची पॉप गाण्यांची एक कॅसेट आधी लई गाजली होती. मग कुणीतरी तिला सिनेमा दिला, आणि तिनं त्या सिनेमाची सगळी गाणी स्वतः गायली, चालीही स्वतःच लावल्या. सिनेमा लातुरात आला तेव्हा टॉकीजमध्ये माणसांपेक्षा ढेकूण जास्त होते, आणि मध्यंतरात तेही घरी गेले. पेपरात छापून आलं की ही गात नाही, पत्र्यावर पत्रा आपटते. कॅसेटवाले सांगायचे, दुसऱ्या कॅसेटीबरोबर ही फुकट दिली तर गिऱ्हाईक दोन्ही परत आणून देतं.

अख्ख्या मराठवाड्यात एकट्या आमच्या मालकांना ती आवडली. तिच्यात मशीनवर वाजवलेला एक खालचा ढोल होता. स्पीकरच्या मोठ्या खोक्यांतून तो निघाला की कानाच्या आधी पोटाला कळायचा. सकाळी खाल्लेलं उप्पीट बाजूला सरकून त्याला जागा द्यायचं. मालक रिकाम्या दुकानात ते गाणं लावून बसायचे आणि म्हणायचे, “लोकायला कळंना गेलंय. कळंल एक दिवस.” मी म्हणायचे, कळेपर्यंत दुसरं काही लावा, शेजारच्या किराणावाल्याचे डबे फळीवरनं चालत खाली यायलेत.

विसर्जनाच्या मिरवणुकीत मालकांनी ट्रकवर खोकी चढवून तेच गाणं लावलं. आधी कुणी हललं नाही. मग एक पोरगा पुढं आला. पंचविशीचा असेल, औशाच्या पलीकडच्या त्या गावच्या मोठ्या घरचा, लातूरची मिरवणूक बघायला मित्रांबरोबर ट्रॅक्टरनं आलेला. तो नाचला. असा नाचला की पुढच्या मंडळाचे लेझीमवाले लेझीम खाली ठेवून बघत राहिले. गाणं संपलं की ट्रकला लटकून म्हणायचा, “अण्णा, फिरून लावा.” मालकांना तर देव भेटला. त्यांनी फिरून लावलं, पुन्हा फिरून लावलं, गणपती कंटाळून स्वतःच पाण्यात उतरला असेल. पोराचा ट्रॅक्टर निघून गेला. मग तो आमच्या दुकानातच सतरंज्यांच्या ढिगावर झोपला.

पहाटे जमीन हलली तेव्हा तो तिथं होता. फळीवरच्या कॅसेटी त्याच्या अंगावर पडल्या, बस्स, तेवढंच. गावात त्याच्या घराच्या दगडी भिंती त्याच्या आईच्या अंगावर पडल्या होत्या.

तर ओरडत पळत आला तो हाच.

आणि भोंग्यातून तो ढोल खोक्यातल्यासारखा येत नव्हता. भोंग्याला पोट नसतं, नुसता घसा असतो. तिथं त्याचा आवाज झाला दगडावर दगड पडल्याचा. ठाक. ठाक. ठाक. ढिगाऱ्यावर बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मालकांना कळलं, त्यांनी बटण दाबलं, पण ती जुनी मशीन, बटण अडकलं, आणि आणखी दोनतीन दगड पडले ते पडलेच.

पोरानं फांदीवरनं वायर ओढून तोडली. मग गावाकडं तोंड करून म्हणाला, “ह्या गाण्यानं उठवली जमीन. रातभर हेनं जमिनीवर ढोल बडवला, म्हणून उठली ती.”

मी खाली उतरले होते. माझ्या हातात भाकरी होती. मला वाटलं आत्ता मालक म्हणतील, बाबा, नाचत तर तूच होतास. ते तुटलेल्या वायरीची टोकं शोधायला खाली वाकले. ज्याची आई कालपरवा दगडाखालनं निघाली त्याला काय म्हणणार? त्या पोराला ओरडायचा हक्क होता. तो आमच्या गळ्याला लागला असता तरी मी भाकरी बाजूला ठेवून गळा पुढं केला असता. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

मालकांनी वायर जोडली आणि संध्याकाळपर्यंत नुसत्या आवाजात कोण कुठं आहे ते सांगत राहिले.

पण वाक्य गावातनं निघालं. ते एसटीच्या टपावर बसून आमच्या आधी लातुरात पोचलं. दसऱ्याला आम्हाला कुणी बोलावलं नाही, मी म्हटलं दुखवटा आहे, बरोबर आहे. मग लग्नसराई आली. मांडव उभे राहिले, बँडवाल्यांच्या टोप्यांना नवे तुरे आले, आणि आमची खोकी दुकानात पालथी. नवरीच्या आया म्हणायच्या, भूकंपवाल्याचा भोंगा नको गं बाई मांडवात. भूकंपवाला! ज्या माणसानं घरात कधी पाट आपटून ठेवला नाही त्याचं हे नाव. मुरुडच्या एका ठरलेल्या लग्नातनं तर मालकांना बांधलेला भोंगा उतरवून आणावा लागला, कारण नवरदेवाच्या आजोबांना भोवळ आली. आजोबांनी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं हे अख्ख्या मांडवाला माहीत होतं.

त्या पोरीच्या कॅसेटीचं तर काय सांगू. तिचं आधीच धड नव्हतं, आता ती अवदसा झाली. दुकानदारांनी उरल्यासुरल्या फोडल्या आणि आतली फीत शेतकऱ्यांना दिली. ज्वारी हुरड्याला आली की पाखरं हाकलायला शेतात कॅसेटीची फीत बांधतात, वाऱ्यावर ती फुरफुरते. त्या साली औशाच्या रस्त्यानं जावं तर दोन्ही अंगांना ती पोरगी फुरफुरत होती. एवढी मोठी गाणारी, मुंबईची, टीव्हीवरची, आणि शेवटी चिमण्यांना भ्या घालायच्या कामाला लागली. मालक एसटीच्या खिडकीतनं बघायचे आणि मान फिरवायचे.

आम्ही लातूर सोडलं. माहूरला जाऊन देवीच्या पायावर डोकं ठेवलं. पायऱ्यांवरची बांगडीवाली माझा हात धरून म्हणाली, लातूरचे का, ते भूकंपवाले तुमच्याच गल्लीत राहतात का? मी म्हटलं हाव, लई वाईट माणसं. मग नांदेडला बिऱ्हाड केलं. मालक पंख्यांची आणि मोटारींची कॉइल भरायला लागले. कॉइल भरायला आवाज लागत नाही. मी खाणावळ काढली, कारण तोपर्यंत दुसरा भूकंप आला होता, क्लासेसचा.

त्यात लातूर हललं, मागोमाग नांदेड हललं. जिथं काल म्हशी बांधलेल्या होत्या तिथं आज भौतिकशास्त्र. रस्त्यानं दगड मारावा तर तो एक तर क्लासच्या फलकाला लागायचा किंवा डॉक्टर होऊ घातलेल्या पोराला. आईबाप गावाकडून पोरं आणून आमच्यासारख्यांच्या ताब्यात द्यायचे आणि म्हणायचे, मावशी, हेला डाळ जास्त वाढा, हेची फिजिक्स कच्ची हाय. मी एवढी डाळ वाढली आहे की आज अर्ध्या मराठवाड्याच्या नाडीवर हात ठेवणारे डॉक्टर माझ्या डाळीवर उभे आहेत. विश्वास नसेल तर त्यांना फोडणी विचारा.

अशीच एक उदगीरची पोरगी माझ्याकडं जेवायला होती. एकदा ताटावर बसून मोबाइलवर ती काहीतरी ऐकत होती आणि बोटानं ताटलीवर ताल धरत होती. मालक ओसरीत कॉइल भरत बसलेले. त्यांच्या हातातली तार थांबली. मीही ओळखलं. मोबाइलच्या एवढ्याशा भोकातनंसुद्धा तो ढोल पोटाला कळत होता.

मी म्हटलं, “हे कुठलं मढं लावलंस गं?”

ती म्हणाली, “मावशी, असं नका म्हणू. हे क्लासिक हाय.”

मग तिनं मला शिकवलं. आता तो सिनेमा कुणाला आठवत नाही, पण ती गाणी पुण्या-मुंबईकडं पुजतात. ती जाकीटवाली आता पांढऱ्या केसांची झाली आहे आणि टीव्हीवर खुर्चीत बसून पोरांच्या गाण्यांना मार्क देते. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत कुणीतरी मोठ्या माणसानं पानभर लिहिलं की हा अल्बम काळाच्या पुढं होता, हा ढोल म्हणजे भारतीय पॉपची क्रांती. तेच पेपर. पत्र्यावर पत्रा म्हणणारे. पोरीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्या म्हणलो होतो.” मग तार पुन्हा गुंडाळायला लागले. त्या दिवशी त्यांनी भरलेला पंखा उलटा फिरायला लागला, तेवढाच काय तो आनंद.

पोरगी ज्या क्लासला जायची त्याची मूळ शाखा लातूरची. तिथल्या होस्टेलच्या पोरांत हे गाणं परीक्षेला जाताना ऐकायचं खूळ होतं, कारण कुणी पहिला आलेला म्हणे हेच ऐकून पेपरला गेला होता. मिरवणुकीचं मी पोरीला सांगून बसले होते, तिनं तिथल्या कुणाला तरी सांगितलं की हे गाणं पहिल्यांदा मिरवणुकीत लावणारा माणूस आमच्या खाणावळीत कॉइल भरतो. काही दिवसांनी आमच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. गल्लीत मावेना, पुढचं चाक गटारीवर ठेवून उभी केली.

त्यातनं तो उतरला. पोट सुटलेलं, डोक्यावर काळा रंग, बोटांत अंगठ्या. क्लासचा अध्यक्ष. होस्टेलचा मालक. औशाच्या पलीकडचा तो नाचणारा पोरगा.

आल्या आल्या मालकांच्या पाया पडला. म्हणाला, गुणवंतांचा सत्कार आहे, मोठं सभागृह घेतलं आहे, पोरांना हे गाणं ऐकवायचं आहे आणि ज्यांनी ते या मातीत पहिल्यांदा वाजवलं त्या अण्णांना शाल-श्रीफळ द्यायचं आहे. ती मूळ कॅसेट असली तर तीही आणा, लोकांना दाखवू. मी चहा केला. चहात साखर घातली का नाही आठवत नाही. तो प्याला, म्हणाला छान.

तो गेल्यावर मी मालकांना म्हटलं, जायचं नाही. कशाला जायचं? शालीला आपण काय करणार, नांदेडच्या उन्हात? मालक कपाटावर चढले, जुन्या अँप्लिफायरच्या खोक्यातनं कापडात गुंडाळलेली कॅसेट काढली. सगळ्यांच्या शेतात फुरफुरली तरी ही एक त्यांनी फोडली नव्हती, हे मलाही माहीत नव्हतं. कापडानं ती पुसत म्हणाले, “मला शाल नको. त्याच्या गावचे लोक असतेल तिथं. त्येनं एवढंच म्हणावं, गाण्याचं काही नव्हतं. एक वाक्य.”

असतीलच. होस्टेलचे राखणदार, स्वयंपाकी, गाडीवाले, सगळे त्यानं गावाकडनंच आणले होते. ज्यांनी ते वाक्य ऐकलं होतं तेच. मग मीही म्हटलं, चला.

मालकांनी पांढरा सदरा कडक इस्त्री केला. इतका कडक की बसताना मोडेल म्हणून ते नांदेड ते लातूर एसटीत जवळजवळ उभेच आले.

सभागृह एवढं मोठं की मागच्या रांगेतल्या पोरांना तिथंच मिशा फुटल्या असाव्यात. भाषणं झाली. मग अध्यक्ष उठला. सगळे दिवे मालवले आणि ते गाणं लागलं, चांगल्या खोक्यांतून, आणि तो ढोल खुर्च्यांच्या पायांतनं वर आला. पोरं उभी राहिली, शिट्ट्या, टाळ्या. मी मालकांकडं बघितलं. ते डोळे मिटून बसले होते.

दिवे लागले. अध्यक्षानं माईक हातात घेतला आणि पोरांना त्या दिवसाचं सांगितलं. कसा तो नाचला, कसा ट्रॅक्टर चुकला, कसा लातुरात एका दुकानात झोपला, कसं घर गेलं, आई गेली आणि तो राहिला. सगळं खरं. एकही शब्द खोटा नाही. माझ्यासारखीला तर लाज वाटावी इतकं खरं. त्याचा आवाज भरून आला, माझेही डोळे भरले. मग तो म्हणाला, “विद्यार्थी मित्रांनो, या गाण्यानं माझा जीव वाचवला.” टाळ्या थांबेनात. मालक खुर्चीत पुढं सरकले. मलाही वाटलं, आता आलंच.

तो पुढं म्हणाला, त्या काळी आपल्या भागातल्या काही अडाणी लोकांनी या गाण्याला अपशकुनी ठरवलं. विज्ञान नसलं की असं होतं. म्हणून तुम्ही विज्ञान शिका.

माझ्या बाजूच्या रांगेत त्याच्या गावची माणसं बसली होती, राखणदाराच्या कपड्यांत. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यातला एक तर मला चांगला आठवत होता. वायर तुटल्यावर मालकांच्या भोंग्याला दगड मारला होता त्यानं.

मालकांना मंचावर बोलावलं. ‘एक जुने साउंडवाले’ म्हणून. शाल घातली, नारळ दिला. कॅसेट अध्यक्षानं हातात घेऊन उंच धरली, पोरांनी मोबाइल वर करून फोटो काढले, आणि मग ती काचेच्या पेटीत ठेवायला म्हणून त्यानं मागं उभ्या असलेल्या माणसाकडं दिली. मालक माईककडं बघत उभे राहिले. माईक त्यांच्या पुढं कुणी धरला नाही. सगळा जन्म ज्या माणसानं दुसऱ्यांच्या तोंडापुढं माईक धरला, त्याला मागून घ्यायची सवय कुठली? खाली उतरले, सदऱ्याची इस्त्री तशीच.

जेवणं मागच्या मांडवात होती. मालक कोपऱ्यात नारळ मांडीवर घेऊन बसले. मी ताट घेऊन रांगेत उभी राहिले. अध्यक्ष स्वतः वाढायला उभा होता, पाहुण्यांना आग्रह करत. मी त्याच्यापुढं आले. आयुष्यभर मी एकाचं दहा करून सांगत आले, त्या वेळी मात्र दहाचं एक करायचं ठरवलं.

मी म्हटलं, “दादा, ते अडाणी लोक म्हणजे कोण?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मागं रांगेत त्याच्या गावचेच उभे होते. मी म्हटलं, “आमच्या मालकांना एवढंच पाहिजे होतं. गाण्यानं जमीन उठवली असं तुम्ही म्हणला होता, आता तुम्हीच म्हणायचं, गाण्याचं काही नव्हतं म्हणून. ह्या लोकांपुढं. आताही म्हणा, चालतंय.”

त्यानं वाढायचा मोठा चमचा भातात उभा केला.

“तेव्हा सगळेच म्हणत होते, वहिनी,” तो म्हणाला. “भात घ्या.”